डोंगरावर न शिजलेला चिन्नोर

दोन हजार तेवीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. आधार कार्डावर वय दोन वर्षांनी कमी लागलं आहे, पण माझी माय खोटं बोलत नव्हती, म्हणून मी मायचाच हिशेब धरतो.

शाळा म्हणाल तर चौथी. चौथीची परीक्षाही दिली नाही, कारण त्या दिवशी तलावात मोठं जाळं पडायचं होतं आणि घरातले सगळे हात जाळ्याला लागणार होते. तेव्हा इथं कुठं लिहिताना चुकलं असेल तर चुकलं. वाचणाऱ्याला समजलं म्हणजे झालं.

आम्ही ढिवर. साकोली तालुक्यात, एकोडीच्या बाजूला आमचं गाव. बापानं तलावात जाळं टाकलं, मी टाकलं, आता माझी पोरं टाकतात. माझ्या हाती जाळ्याच्या जागी कॅमेरा आला तो नागपूरच्या जावयामुळे. त्यानं नवा घेतला आणि जुना आमच्या घरी आणून ठेवला, म्हणाला, लेकरांना खेळायला होईल. लेकरांच्या हाती मी तो लागू दिला नाही. त्याच्यावरची इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत. चाक फिरवून फिरवून पाहिलं. उडत्या पाखराला कोणतं अक्षर चालतं आणि सकाळच्या धुक्याला कोणतं, हे कळलं तसं त्या त्या जागी सुनेची नखाला लावायची लाली लावली. एक ठिपका पाखराचा, दोन ठिपके धुक्याचे. तेवढ्यावर माझं काम चालतं आणि चांगलं चालतं.

धान कापून झाला, थंडी पडली, की आमच्या तलावात हंस उतरतात. राखाडी रंगाचे, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. माझा आजा म्हणायचा, हे डोंगराच्या पलीकडून येतात. आमच्याकडे डोंगर म्हणजे नागझिऱ्याच्या बाजूच्या टेकड्या. त्यामुळे म्हातारा होईपर्यंत मी समजत होतो, की हे पाहुणे टेकडीपलीकडच्या कोणत्या तरी तलावातून येतात. नागपूरची एक पोरगी दरवर्षी जानेवारीत पाखरं मोजायला येते. तिनं मला खरं सांगितलं.

"आबाजी, हे हिमालयाच्या वरून येतात."

"वरून कायले? मधातून वाट नाई का?"

"आहे ना. खिंडी आहेत. पण कधी कधी सरळ वरूनच."

"तू पाह्यली का ती खिंड?"

"खालून पाहिली. दर मे महिन्यात मी लोकांना घेऊन जाते तिकडे. चालत."

"मले ने."

ती हसली. मी हसलो नाही. मग तिनं हसणं थांबवलं आणि माझ्या पायांकडे पाहिलं.

घरी ही गोष्ट काढली तेव्हा बुढी, म्हणजे माझी बायको, चुलीपाशी बसली होती. त्याच थंडीत मी हंसांचे फोटो काढायला छातीभर पाण्यात उभा राहिलो होतो आणि छातीत कफ भरून साकोलीच्या दवाखान्यात पडलो होतो. रात्रंदिवस माझ्या उशाशी तीच बसली होती. तिनं माझं बोलणं पूर्ण ऐकलं, लाकूड आत सरकवलं आणि म्हणाली, "जा. तुमाले अडवून कोन अडवते. पन एक आयका. तिकडं बिमार पडले, त तो कॅमेरा पेटीत. कुलूप मी लावीन. मंग पारेवर बसूनसुद्धा फोटो नाई काढाचा."

"मंजूर," मी म्हणालो.

"जाळ्यावर हात ठेवा."

भिंतीला जाळं टांगलं होतं. मी त्यावर हात ठेवला. आमच्यात त्याच्या पुढं शपथ नाही.

फेब्रुवारीपासून मी रोज सकाळी टेकडी चढायला लागलो. पाठीवर ओलं जाळं घ्यायचो. ओल्या जाळ्याचं वजन पाठीला पक्कं चिकटतं. आमच्या तलावाच्या पारेवर, म्हणजे बांधावर, माझ्याच वयाचा एक जोडीदार रोज बसलेला असतो. तो मला पाहून म्हणाला, "काय गा बुढ्या, पाखरायच्या मांगं हिमालयात जाऊन राहिला म्हन्ते?"

"जाऊन राहिलो."

"मंग वापस येताना त्यायच्याच पाठीवर बसून ये. रेल्वेत लय गर्दी राह्यते."

"येतो ना. तुले बी बसवलं असतं, पन पाखराची कंबर मोडन."

साकोलीच्या डॉक्टरनं छाती तपासली, कागदावर सही दिली आणि सांगितलं, जा, पण घाई करू नका. घाई मी आयुष्यात कधी केली नाही. घाई करणाऱ्याला मासोळी मिळत नाही.

निघताना मी एक पिशवी चिन्नोर तांदूळ बांधून घेतला. ज्यांनी आमचा चिन्नोर खाल्ला नाही त्यांना काय सांगावं. एका घरी शिजला की चार घरांना वास जातो. सोबत एक लहान गंज घेतला, म्हणजे पातेलं. पोरगी स्टेशनावर म्हणाली, "आबाजी, वर सगळं जेवण मिळते. स्वयंपाकी आहे."

"पोळ्या असतीन."

"पोळ्या, खिचडी, सगळं."

"पोळी खाऊन पोट भरते, बाई. जेवन होत नाई."

डोंगराचं काय सांगू. तीन दिवस आम्ही चढत होतो. आधी झाडं, मोठी लाल फुलं लागलेली झाडं, मग झाडं बुटकी झाली, मग संपलीच. वर नुसतं गवत. तिकडचे लोक त्या गवताच्या माळाला बुग्याल म्हणतात. सोबतची नागपूर-पुण्याची माणसं हातात काठ्या घेऊन धापा टाकत होती. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालावं तसा चाललो. धानाच्या बांधीतल्या चिखलाच्या धुऱ्यावर डोक्यावर ओझं घेऊन ज्याचं बालपण गेलं, त्याला अरुंद वाटेची भीती वाटत नाही. छाती मात्र भरून यायची. तेव्हा थांबायचो आणि फोटो काढतो आहे असं दाखवायचो. काही फोटो खरोखर चांगले आले.

थंडीनं कॅमेऱ्याची बॅटरी लवकर मरते, हे पोरगीनं सांगितलं होतं. म्हणून मी बॅटरी बंडीच्या आतल्या खिशात, अंगाला लावून ठेवायचो. तंबाखूची डबी बाहेरच्या खिशात गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बुग्यालवर तंबू लागले. समोर डोंगराची एक उभी धार होती. पोरगीनं हात करून दाखवलं, "त्या धारेवर गेलं की पलीकडे बर्फाची भिंत दिसते, आबाजी. आणि भिंतीत खिंड. उद्या सकाळी चढायचं. आपल्याजवळ इथे दोन दिवस आहेत, एक जास्तीचा. पाऊस आला तर परवा."

पाऊस आला नाही. माझा भात आला.

तीन दिवस मी पोळ्या आणि डाळ गिळत होतो. त्या संध्याकाळी माझं मन भातावर गेलं. स्वयंपाकी पहाडातलाच होता. त्याच्या स्टोव्हवर मी माझा गंज चढवला. तो म्हणाला, "दादाजी, यहाँ खुले बर्तन में चावल नहीं गलता. कुकर में डाल दो."

कुकर! कुकरातला भात म्हणजे लापशी. चिन्नोर उघड्या गंजात शिजवायचा, पेज काढायची आणि झाकण ठेवून वाफ द्यायची. हे मला कोणी शिकवावं? मी त्याला म्हणालो, "भय्या, मैं धान के गाव का हूँ." आणि गंज तसाच ठेवला.

पाणी तर लवकर उकळलं. मला वाटलं, इथलं पाणी आमच्याहून चांगलं. वासही आला, तंबूतली माणसं बाहेर आली. मी शीत दाबून पाहिलं. वरून मऊ, आत टणक कणी. म्हटलं, थोडी वाफ अजून. पुन्हा दाबलं, कणी तशीच. पाणी घातलं, उकळवलं, कणी तशीच. अंधार पडायला आला. सगळे आपापल्या ताटात खिचडी घेऊन बसले आणि माझ्या गंजाकडे बघायला लागले.

"झाला का, आबाजी?" पोरगीनं विचारलं.

"झाला," मी म्हणालो.

आणि खाल्ला. सगळा. कोणी वाढ मागितली नाही आणि मी कोणाला देऊ केली नाही. दातांखाली कणी कचकच वाजत होती. स्वयंपाकी तोंड फिरवून भांडी घासत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

सकाळी मी उठलो तेव्हा पोटात कोणी तरी जाळं पिळत होतं. तंबूच्या बाहेर आलो आणि तसाच खाली बसलो. पोरगी धावत आली. तिनं माझ्या बोटाला तो श्वास मोजायचा चिमटा लावला. डोकं दुखते का, चक्कर येते का, रात्री खोकला होता का, सगळं विचारलं.

"डोकं साबूत हाय. पोट गेलं."

"नक्की? वरची हवा लागली असेल तर मी तुम्हाला आत्ता खाली पाठवते."

"हवा नाई. भात हाय."

तिनं सुटकेचा निःश्वास सोडला, मग कठोर झाली. "तुम्ही आज येत नाही. इथेच राहायचं, पाणी प्यायचं, झोपायचं."

"मी हळू येतो मांगून."

"आबाजी. नाही म्हणजे नाही."

ती माझ्या नातीच्या वयाची. पण तिच्यावर दहा माणसांचा जीव होता, हे मलाही कळत होतं. नावेवर जो वल्हं धरतो त्याचं ऐकायचं असतं. मी बसलो. सगळे एकामागं एक धारेकडे निघाले, लहान लहान होत गेले आणि दिसेनासे झाले. मी स्वतःला म्हणालो, बुढ्या, तू हजार कोस आला आणि तुझ्याच भातानं तुला मारलं. मला राग पहाडाचा आला नाही, पोरगीचा आला नाही. बुढीचं कुलूप डोळ्यांसमोर आलं. बिमार पडलो होतो. शपथ जाळ्यावरची होती.

दुपारपर्यंत स्वयंपाक्यानं मला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पोट थोडं बसलं. मी कॅमेरा घेतला आणि झऱ्यापाशी एका दगडाला टेकून बसलो. तलावाच्या काठावर गळ टाकून जसा बसायचो तसा. हलायचं नाही, खोकायचं नाही, माशी बसली तर बसू द्यायची. समोरच्या उतारावर काही दगड होते. पुष्कळ वेळानं त्यातला एक दगड चालायला लागला. मग दुसरा. रानमेंढ्या होत्या, तिकडे त्यांना भरल म्हणतात. पोरगीनं त्यांना निळी मेंढी म्हटलं होतं. निळ्याबिळ्या काही नव्हत्या, चुलीतल्या राखेच्या रंगाच्या होत्या. एक म्हातारा नर होता, शिंगं मानेपर्यंत वळलेली, एका शिंगाचं टोक तुटलेलं. तो झऱ्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. तो पळाला नाही. पाणी प्याला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि चढायला लागला. कुठंही न थांबता, त्याच धारेकडे.

त्याला पाहिलं आणि मी ठरवलं, उद्या आपणही चढायचं.

उन्हं उतरताना सगळे परत आले. चेहरे लाल, ओठ फुटलेले, पण खूश. पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं तिच्या कॅमेऱ्यात मला दाखवलं. बर्फाची भिंत, भिंतीत खिंड, ऊन पडलेलं. सुंदर फोटो होता, खोटं कशाला बोलू.

"आबाजी, हे सगळे तुम्हाला देते. गावात दाखवा. कोणी विचारणार नाही कोणी काढले."

"बाई," मी म्हणालो, "दुसऱ्याच्या जाळ्यातली मासोळी आपल्या टोपलीत टाकून मी बजारात बसत नाई."

तिनं कॅमेरा बंद केला. मग म्हणाली, "उद्याचा दिवस आहे आपल्याजवळ. बाकीचे आराम करणार. मी फक्त तुम्हाला घेऊन जाऊ शकते. पण माझी अट आहे."

"बोल."

"आज रात्री कुकरातली खिचडी. उद्या सकाळी पोळी. माझ्यासमोर. आणि वाटेत मी म्हटलं वळा, की वळायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"एक शब्द बी नाई?"

"एकही नाही."

"मनातल्या मनात?"

"मनातल्या मनात किती पण."

खिचडी आली. मी खाल्ली. स्वयंपाक्यानं माझ्या पिशवीतला चिन्नोर मूठभर घेतला, वास घेतला आणि विचारलं, कुकरमध्ये लावू का सगळ्यांसाठी? मी म्हणालो, लाव. शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं. भात थोडा गिचका झाला होता, पण वास तोच. सगळ्यांनी वाढून वाढून घेतला. मी माझ्या अटीप्रमाणे खिचडीच खात होतो. एक पुण्याचा माणूस म्हणाला, "आजोबा, असा तांदूळ मी जन्मात खाल्ला नाही." मी म्हणालो, "खा. कालच्यापेक्षा बरा हाय."

सकाळी पोरगी माझ्यासमोर उभी राहिली. स्वयंपाक्यानं दोन जाड पोळ्या दिल्या. मी एक पूर्ण खाल्ली, तिला रिकामं तोंड उघडून दाखवलं, दुसरी फडक्यात बांधून खिशात टाकली. आणि निघालो. शंभर पावलं चालायचो, उभा राहायचो, पुन्हा चालायचो. वाटेत बर्फाचा पट्टा लागला तिथं तिनं बुटानं खाचा पाडल्या आणि मी त्या खाचांत पाय ठेवले. दोनदा ती थांबून माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होती, वळा म्हणते की काय असं वाटत होतं. मी तोंड असं ठेवलं की त्यावर काही दिसू नये. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

धारेवर पाय पडला तेव्हा वारा असा आला की मी खालीच बसलो. समोर भिंत होती. आमच्या टेकड्या एकावर एक ठेवल्या, त्यावर अजून ठेवल्या, तरी तिच्या कमरेला लागणार नाहीत. मधात ती खिंड. आमच्या तलावातली पाखरं दोन महिन्यांपूर्वी इथूनच कुठून तरी पलीकडे गेली होती. आकाश मोकळं होतं. एक पाखरू नाही. मी बंडीच्या आतून बॅटरी काढली, गरम होती, घातली. माझ्याजवळ बर्फासाठी ठिपका नव्हता. मी चाक धुक्याच्या दोन ठिपक्यांवर आणलं. फोटो काढले. पोरगीनं तिचा कॅमेरा बाहेरही काढला नाही. मग मी खिशातली पोळी काढली, अर्धी तिला दिली, अर्धी मी खाल्ली.

गावात पोचलो तो दिवस तापलेला. बुढीनं पाण्याचा गडवा दिला, मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबली आणि विचारलं, "बिमार पडले होते का?"

नाही म्हटलं असतं तर कोण सांगायला येणार होतं? पण जाळं भिंतीवर समोरच टांगलेलं.

"पडलो होतो. पोट."

"कायनं?"

"भातानं."

"भातानं?"

"शिजला नाई. कच्चाच खाल्ला."

तिनं माझ्या हातातला गडवा घेऊन खाली ठेवला. मग हसायला लागली, इतकी हसली की पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. "जनम गेला चिन्नोर खाऊन, आन् हिमालयात जाऊन कच्चा भात खाल्ला! पारेवरच्या लोकायले सांगू का?"

"सांग. पन हे बी सांग, की मंग मी वर गेलो. मधातून वापस नाई आलो."

"मी वापस म्हनलं नव्हतं. बिमार म्हनलं होतं." तिनं हसणं पुसलं आणि हात पुढं केला. मी कॅमेरा काढून दिला. शब्द तो शब्द. पेटीत ठेवण्याआधी तिनं विचारलं, "दाखवा त खरं, काय पाह्यलं ते."

मी तिला तो लहानसा पडदा दाखवला. ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहत होती.

"यात आपले पाखरं कुठी हायेत?"

"ते पह्यलेच गेले होते पल्याड."

"मंग अर्धाच फोटो काढला तुमी."

"अर्धा तिकडचा झाला. अर्धा इथं हाय, तलावात. ते येतीन तवा."

ती पेटीपाशी बसली. कॅमेरा लुगड्याच्या घडीत ठेवला, झाकण लावलं, कुलूप घातलं. किल्ली कनवटीला खोचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "येतीन तवा काढीन. पन पान्यात उभं राह्यले, पाय जरी ओला झाला, त कॅमेरा पेटीत नाई जानार. तलावात जाईल."

जोडीदाराला ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. तो पारेवरून ओरडून म्हणाला, "काय गा, हिमालयात भात कच्चा राह्यते म्हन्ते?" मी म्हणालो, "राह्यते. तू जाऊन शिजवून दाखव."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मी तलावात उतरलो. मे महिन्याचं पाणी मधात आटून गेलं होतं, काठाचा चिखल फाटून वाळला होता. हंस जिथं उतरतात ती जागा मला माहीत आहे, बोरूच्या गवताजवळ. थंडीत तिथं छातीभर पाणी असतं. मी पोराच्या बांबूच्या ढिगातून चार जाड बांबू निवडले, सब्बलीनं खोल खड्डे खणले, बांबू उभे केले आणि चिखल दाबून दाबून बसवले. वर बसायची माची बांधायला दोरी कमी पडली, तेव्हा जुन्या जाळ्याची दोरी काढली. माचीवर चढून बसलो. जोडीदार पारेवर येऊन उभा राहिला, कोरड्या तलावात चार बांबूंवर बसलेल्या माझ्याकडे पाहत. मी पाय खाली सोडले आणि पाणी कुठंपर्यंत येईल ते बांबूवर हातानं मोजलं. मग उतरलो आणि माची अजून हातभर वर बांधली.